पाच सवाष्णींनी दाबलेलं बटण

चौक गावात, जुन्या हायवेच्या कडेला मी पंचवीस वर्षं पाट्या रंगवल्या. ढाब्यांच्या, गॅरेजांच्या, रसवंत्यांच्या, एका दातांच्या डॉक्टरची सुद्धा. एका शुद्ध शाकाहारी ढाब्याच्या पाटीवर सवयीनं माझ्या हातून कोंबडी निघाली होती. मालकानं ती पांढऱ्या रंगाखाली गाडायला लावली, आणि रंग त्यानंच स्वस्तातला आणून दिला. दोन पावसाळे झाल्यावर कोंबडी हळूहळू वर आली. आधी तुरा, मग डोळा. मालक अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मग फ्लेक्स आला. ज्या पाटीला मला तीन दिवस लागत, ती खोपोलीत अर्ध्या तासात छापून मिळायला लागली, वर मालकाचा गॉगल घातलेला फोटो फुकट. मी महिनाभर ब्रशांकडे बघत बसलो आणि मग खोपोलीतच एका क्लासला नाव घातलं, वेबसाइट बनवायला शिकण्यासाठी. वय सत्तेचाळीस. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला "काका, माउस उलटा धरलाय" हे इतक्या आदरानं सांगत, की मला तो आणखी थोडा वेळ उलटाच धरावासा वाटे. पण शिकलो. आता लोकांच्या पाट्या इंटरनेटवर लावतो. गिऱ्हाइकं तीच, कामही तेच: रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवायचं. शिडीवर चढावं लागत नाही, एवढाच फरक.

पोशीरला माझी मावसबहीण असते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. तिनं गावातल्या दहा बायकांना घेऊन तांदळाचा गट काढलाय. शेत आपापलं, पण तांदूळ एकत्र निवडायचा, एकत्र पिशवीत भरायचा. गटाचं नाव मी इथं 'अमुक' असंच लिहिणार आहे. ताईनंच बजावलंय, की नाव छापायचं तर पिशवीवर छाप, तुझ्या गप्पांत नको.

त्यांच्या तांदळाची कहाणी दर वर्षी एकच असे. मळणी झाली, भात गिरणीतून भरडून आलं, की एका सोमवारी व्यापाऱ्याचा टेंपो दारात. तो पोती घेऊन जायचा, दहा गावांच्या तांदळात मिसळायचा, आणि मग तोच तांदूळ व्यापाऱ्याच्या नावाच्या पिशवीत शहरात जायचा. ताईला पैशापेक्षा हे जास्त लागे. एकदा ती बदलापूरला एका लग्नाला गेली, पानातला भात तोंडात घातला आणि म्हणाली, हा आमच्या खालच्या वावरातला हाय. शेजारची बाई हसली. पिशवीवर तर भलतंच नाव होतं, ताईनं सिद्ध कसं करायचं?

तर गेल्या वर्षी संधी आली. कर्जतकडच्या एका मोठ्या रिसॉर्टनं रविवारच्या पाहुण्यांसाठी अंगणात बाजार भरवायचं ठरवलं आणि गटाला एक टेबल दिलं. सुट्टीला आलेली माणसं पाच किलोची पिशवी काखेत मारून नेत नाहीत. त्यांना अर्ध्या किलोची छोटी पिशवी द्यायची, घरी जाऊन भात करून बघा म्हणायचं, आणि पिशवीवरचा चौकोनी कोड फोननं टिपला की गटाचं दुकान उघडलं पाहिजे, तिथून मोठी मागणी. ताईच्या सुनेनं एका कंपनीच्या तयार दुकानांपैकी एक घेऊन त्यात तांदळाचे फोटो, भाव, सगळं छान मांडलं होतं. सूनबाई खोपोलीत कारखान्याच्या ऑफिसात काम करते, तिला हे येतं.

ताईनं दुकान बघितलं आणि वरच्या पट्टीतल्या पत्त्यावर बोट ठेवलं. तो पत्ता त्या कंपनीच्या नावानं सुरू होत होता, मागून तिरकी रेघ आणि आकडे.

"हा पत्ता कुनाचा?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, ज्यांनी दुकानाला जागा दिली त्यांचा.

"म्हंजे पुन्हा दुसऱ्याच्याच ओट्यावर बसून इकायचं?"

मी छातीवर हात ठेवून म्हटलं की मुळीच नाही. गटाचं स्वतःचं नाव, अमुक डॉट इन, मी दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलं होतं, त्यावर चार फोटो आणि एक फोन नंबर असं साधं पान होतं. त्याच नावाच्या पुढं एक शब्द आणि एक टिंब लावायचं: तांदूळ डॉट अमुक डॉट इन. दुकान राहील त्या कंपनीच्या जागेत, पण येणारा-जाणारा बघेल ते नाव आपलं. ताईला हे इतकं आवडलं, की मी काम सुरू करायच्या आधीच तिनं खोपोलीच्या प्रेसमधून पिशव्या छापून आणल्या. हिरव्या अक्षरांत, कोडासकट. म्हणजे आता रविवारपर्यंत तो पत्ता चालू झाला तर ठीक, नाहीतर रिसॉर्टच्या अंगणात अकरा बायका कुठंही न उघडणारा पत्ता वाटत उभ्या राहणार, आणि सोमवारी टेंपो आहेच.

मी मंगळवारी कामाला बसलो.

हे काम काय असतं ते सांगतो, अवघड नाही. नेरळहून पोशीरकडं वळताना नाक्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतं. तुम्ही एखाद्याचं घर विचारा, तो सांगेल, पुढं जा, पिंपळाकडून डावीकडं. इंटरनेटवर असेच पत्ते सांगणारे बसलेत, जगभर. त्यांना आधी कोणी तरी लिहून द्यावं लागतं की ह्या नावाची चौकशी आली तर अमक्या घरी पाठवा. ती झाली एक नोंद. आणि तयार दुकानवाली कंपनी म्हणते, ठीक आहे, तुमच्या नावानं आलेली माणसं आम्ही आत घेऊ, पण ते नाव तुमचंच कशावरून? मग ती एक खुणेचा शब्द देते, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची चाळीसेक खुणांची खिचडी, आणि सांगते की हा शब्द तुमच्या नावाखाली चिकटवून दाखवा. ज्याच्या हातात त्या नावाची किल्ली तोच चिकटवू शकेल. ती झाली दुसरी नोंद. दोन्ही झाल्या की कंपनीच्या पानावर 'जोडा' असं बटण दाबायचं. संपलं.

पहिली चूक मीच केली, आणि ती पाटी रंगवणाऱ्यालाच शोभणारी होती. नोंदीच्या फॉर्मवर एक चौकोन होता: नाव. आयुष्यभर मी पाटीवर कधी अर्धा पत्ता लिहिलेला नाही. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, सगळं ठणठणीत. शेजारच्या घराची पाटी असली तरी जिल्हा लिहायचाच. त्याच धर्मानं मी चौकोनात पूर्ण नाव लिहिलं. पण त्या फॉर्मला गावाचं नाव आधीच ठाऊक असतं, तो आपलं शेपूट आपण जोडतो. झालं काय, की नोंद तयार झाली ती 'तांदूळ डॉट अमुक डॉट इन डॉट अमुक डॉट इन' अशी. जिल्हा रायगड, जिल्हा रायगड. जगातल्या कोणत्याही नाक्यावर हे घर कोणाला ठाऊक नव्हतं. दिवसभर मी पत्ते सांगणाऱ्यांना शिव्या घातल्या, बुधवारी सकाळी चहा घेताना ती शेपटी मला दिसली, आणि मी कोणाला न सांगता ती कापली. आज पहिल्यांदा कबूल करतोय.

बुधवारी दुपारपर्यंत दोन्ही नोंदी आपापल्या जागी बसल्या. बाहेरून तपासलं, दोन्ही बरोबर दिसत होत्या. राहिलं फक्त बटण. मी ताईला फोन करून म्हटलं, दाबतो.

ती म्हणाली, थांब. उद्या मार्गशीर्षातला गुरुवार.

आता यात माझं चुकलं असं म्हणता येणार नाही, पण मी जरा जास्तच खूश झालो. जत्रेच्या नाटकात सतरा वर्षं खलनायक केलेल्या माझ्यासारख्या माणसाला कुठंही पडदा उघडायला मिळाला तर तो नाही म्हणत नाही. गुरुवारी मी लॅपटॉप घेऊन चौकहून कर्जतमार्गे पोशीरला पोचलो तेव्हा ताईच्या पडवीत घट मांडलेला, कलशावरच्या नारळाला मुखवटा आणि नथ, पाच फळं, पाच पत्री, आणि देवीच्या उजव्या हाताला रांगोळी घातलेला एक रिकामा पाट. पाट लॅपटॉपसाठी होता. झाकणावर हळद-कुंकू वाहिलं गेलं. कुंकू कळांच्या फटीत जाऊ नये म्हणून मी मधे हात धरला, तर माझ्याच हाताला लागलं.

रीत अशी, की गटाचं कोणतंही नवं काम पाच सवाष्णींच्या हातानं सुरू करायचं. पहिली पिशवी भरायची तर पाच जणी एकेक ओंजळ टाकणार. नवा वजनकाटा आला तेव्हा पाच जणींनी एकेक करून त्यावर हात ठेवला होता, आणि काट्यानं पाचही हातांचं वजन सांगितलं होतं. तर बटणही पाच जणींनी दाबायचं. मी मनात म्हटलं, काय बिघडतंय? लिफ्टचं बटण पाच माणसं पाचदा दाबतात, लिफ्ट काही पाचदा येत नाही.

मी एकेकीला नाटकातल्या प्रवेशासारखं पुढं बोलावलं. पहिली काकी. ती गटातली सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात तिखट. तिच्या तोंडाला टेंपोवाला सुद्धा वचकून असतो. तिनं बोट आधी कपाळाला लावलं, मग बटणावर ठेवून इतक्या जोरात दाबलं की पाट सरकला. मग ताईची सून, मग आणखी तिघी. दर वेळी पडद्यावर काही तरी लुकलुकत होतं, गोल फिरत होतं, आणि मी मोठ्यानं म्हणत होतो, वा, उत्तम, पुढची. पडद्यावर काय लिहून येतंय ते मी वाचत नव्हतो. मी प्रेक्षकांकडं बघत होतो. ही नटाची खोड.

ताई मागं भिंतीशी उभी होती. पडवीतलं सॉकेट सैल आहे, चार्जरची पिन दाबून धरावी लागते, ते काम तिनं आपणहून घेतलं होतं. भाओजींना जाऊन सहा वर्षं झाली. कुणाला अवघडायला नको म्हणून पाच जणींची नावं तिनंच आधी ठरवून टाकली होती.

पाच दाबून झाल्यावर पडद्यावर आलं: 'प्रतीक्षेत'. मी सांगितलं, नाव जगभर पसरायला थोडा वेळ लागतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी दोन वाट्या खीर खाल्ली आणि घरी आलो.

शुक्रवारी सकाळी: प्रतीक्षेत. दुपारी: प्रतीक्षेत. आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, 'पसरायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात', आणि जे काही कळत नसेल त्यावर ते लावता येतं. मी शुक्रवारी ते सात वेळा वापरलं. पोशीरमध्ये तोवर तर्क सुरू झाले होते. काकीचं मत पडलं की नजर लागली, कारण कोणी तरी बटणाचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता. एकीचं म्हणणं, लॅपटॉपचं तोंड दक्षिणेला होतं. अकरा जणी अकरा फोनांवर दर पाच मिनिटांनी तांदूळ डॉट अमुक डॉट इन टाकून बघत होत्या आणि कंपनीच्या पानावर दर वेळी तीच पाटी वाचत होत्या, की असं दुकान इथं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज नेहमीसारखा होता, म्हणून मला जास्त लागलं.

"नाय जमलं तर सांग हां. टेंपोवाल्याला निरोप द्याया बरं. तो इचारत व्हता."

मी म्हटलं, जमेल. मग पाच मिनिटं फोन हातात धरून बसलो. जमेल म्हणजे कसं, ते मला माहीत नव्हतं.

शनिवारी उजाडताच पोशीर गाठलं. पडवीत अकराही जणी आलेल्या, तांदळाची रास, हिरव्या अक्षरांच्या पिशव्यांचा ढीग. निम्म्या जणी पिशव्या भरत होत्या. निम्म्या म्हणत होत्या, पत्ताच लागत नाय तर भरून काय करायचं, मागनं उसवायला लागतील. ताई भरतच होती.

मी दुकानवाल्या कंपनीच्या मदतीच्या खिडकीत लिहिलं. तिकडून कोणी तरी उत्तर देत होतं, बाई की बुवा कळत नव्हतं, पण फार सभ्य. त्यानं सांगितलं, तुमच्या नावाखाली चिकटवलेला खुणेचा शब्द आमच्याकडच्या शब्दाशी जुळत नाही. मी म्हटलं, शक्य नाही, मी स्वतः उतरवलाय. तरी ताईच्या सुनेला कंपनीच्या पानावरचा शब्द वाचायला लावला आणि मी माझ्या नोंदीतला बघत बसलो. तिनं पहिलं अक्षर म्हटलं. माझ्याकडं दुसरंच होतं. तिनं दुसरं म्हटलं. तेही दुसरंच. एखादं अक्षर चुकलं असतं तर मला समजलं असतं, पण हा शब्दच वेगळा होता.

तेव्हा त्या सभ्य माणसानं विचारलं, 'जोडा' बटण किती वेळा दाबलं होतं?

मी लिहिलं, पाच.

तिकडून आलं: का?

मी आजूबाजूला बघितलं. अकरा जणी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, सूनबाई सोडून बाकीच्यांना इंग्रजी दिसत होतं पण काय ते कळत नव्हतं. चाळीस किलोमीटर पलीकडं की चार हजार, कुठं तरी बसलेल्या त्या जिवाला मी काय समजावणार? मी लिहिलं, आमच्याकडं रीत आहे.

मग आलं: 'कृपया एकदाच दाबा.'

आणि मग त्यानं नीट समजावलं. बटण पहिल्यांदा दाबलं की तपासणी सुरू होते, तिला काही मिनिटं लागतात. ती चालू असताना पुन्हा दाबलं की पान समजतं, तुम्हाला पहिल्यापासून सुरू करायचंय. आधीचा खुणेचा शब्द रद्द, नवा शब्द तयार. काकीनं दाबलं ते अगदी बरोबर होतं. सूनबाईंनी काकीचं मोडलं, तिसरीनं सूनबाईंचं, असं पाचवीपर्यंत. शेवटच्या दाबण्यातून जो शब्द निघाला तो कोणी बघितलाच नाही, कारण तेव्हा मी टाळ्यांची वाट बघत होतो.

हे मी पडवीत सांगितलं. काकी सावकाश सूनबाईंकडं वळली.

"बघ, माझ्या येकटीच्या बोटानं झालं असतं."

सूनबाई म्हणाली, "काकी, तुमी दाबलं तवा पाट भिंतीला लागला. ते बटण घाबरून गेलं असंल."

हसण्यात थोडा जीव आला. मी नवा शब्द नोंदीत घातला. आता तासभर थांबणं भाग होतं, कारण नाक्यावरच्या त्या पत्ते सांगणाऱ्यांना मी बुधवारी लिहून दिलेलं होतं, की हे उत्तर तासभर पक्कं धरा, दर वेळी मला विचारायला येऊ नका. तास संपला की ते पुन्हा विचारणार आणि नवा शब्द घेऊन जाणार. त्याआधी बटण दाबलं तर पुन्हा जुनाच शब्द पुढं येणार. मी हात जोडून सांगितलं, तासाभरानं एकानं, एकदा.

आणि इथं खरी अडचण उभी राहिली. काकीनं पिशवी खाली ठेवली.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाचांचा हात एकदा लागला तो मोडला, आता एकटीनं दाबायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, हे गटाचं काम कसं? ज्या एकीनं दाबलं तिचं दुकान व्हायचं. आजपर्यंत काट्यापासून शिवणाच्या मशीनपर्यंत काहीही एकीच्या हातानं सुरू झालेलं नाही, म्हणून तर अकरा घरं सहा वर्षं भांडण न होता एका राशीवर बसतात. मी म्हटलं, काकी, यंत्राला एकच बोट लागतं. ती म्हणाली, यंत्राला लागतं, आमाला नाय चालत.

तासातली वीस मिनिटं बाकीच्या पिशव्या भरत राहिल्या. मग काकीच पुन्हा बोलली, कोणाकडं न बघता, स्वतःशीच हिशेब लावल्यासारखी. सत्यनारायणाला नवरा पूजा करतो. पळीनं पाणी तोच सोडतो. बायको काय करते? भटजी म्हणतात, हाताला हात लावा. ती नुसता त्याच्या हाताला हात लावते, आणि पूजा दोघांची होते.

"मग एकीनं बटण दाबा," ती म्हणाली. "बाकीच्यांनी हाताला हात."

मी त्या क्षणी काकीच्या पाया पडायला हवं होतं. पुढं गेलोही होतो, पण तिनं मला तांदळावरून बाजूला व्हायला सांगितलं.

राहिला प्रश्न, एक कोण. चौघींनी काकीचं नाव घेतलं, वयानं मोठी म्हणून. काकीनं मान हलवली आणि भिंतीकडं बघितलं, जिथं ताई पुन्हा चार्जरची पिन दाबून उभी होती.

"ती पिन सोड," काकी म्हणाली. "हितं ये."

ताई म्हणाली, मी नको, पाचांतली कोणी बसा. ते तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं, की जणू तिला दुसरं काम आलं होतं.

"सा वर्सं तुझ्या वावरात पयली मूठ कोन टाकतं?" काकीनं विचारलं. "तूच ना? तवा भात उगवायला आडून बसलं का, आदी सवाशीन दाखवा म्हनून?"

सूनबाई उठली, सासूच्या हातातून पिन घेतली आणि स्वतः दाबून धरली.

ताई पाटासमोर बसली. मी घड्याळ बघून सांगितलं, झाला तास. तिनं पदर सारखा केला, उजव्या हाताचं बोट बटणावर आणलं. काकीनं तिच्या कोपराला हात लावला. काकीच्या खांद्याला दुसरीनं, तिच्या पाठीला तिसरीनं, अशी ती साखळी रास ओलांडून दारापर्यंत गेली. सूनबाईचा एक हात पिनेवर, एक शेवटच्या बाईच्या दंडावर. मला कोणी हात लावायला सांगितलं नाही, पण मीही लॅपटॉपची कड धरून ठेवली, पाट सरकू नये या सबबीवर.

ताईनं दाबलं. एकदा.

गोल फिरायला लागलं. काकी म्हणाली, कोनी हात काढू नका. गोल फिरत राहिलं. दारातल्या बाईला शिंक येत होती, ती तिनं अडवून धरली. तीनेक मिनिटं झाली असतील, मला ती नाटकाच्या तीन अंकांएवढी वाटली. आणि मग पडद्यावर हिरवी खूण आली. वरच्या पट्टीत छोटं कुलूप, आणि कुलपाच्या शेजारी तांदूळ डॉट अमुक डॉट इन, मागंपुढं दुसऱ्या कोणाचं काही नाही.

ताईनं बोट बटणावरून उचलून त्या नावावर ठेवलं. काकीनं गुरुवारी बटणाला लावलेलं कुंकू तिच्या बोटाला आलं होतं, पडद्यावर त्याचा ठिपका उमटला. मी तो पुसला नाही.

काकीच्या फोनवर मात्र आणखी तासभर 'असं दुकान इथं नाही' असंच येत राहिलं. सगळ्यांत जास्त वेळा तिनंच बघितलं होतं, आणि फोन एकदा नाही ऐकून आला की काही काळ तेच सांगत बसतो. दहा जणींच्या फोनवर दुकान उघडलेलं बघून काकी आपल्या फोनला जे काही बोलली, ते मी लिहू शकत नाही. तासाभरानं तिच्याकडंही उघडलं. तिनं लगेच त्यातून पाच किलो मागवले, बदलापूरला दिलेल्या लेकीसाठी. समोर रास पडलेली असताना. ताईनं ती मागणी रीतसर भरली, बांधली, वर पत्ता लिहिला, जिल्ह्यासकट.

रविवारी रिसॉर्टच्या अंगणात मी मुद्दाम दूर, आवळ्याच्या सरबताच्या टेबलापाशी उभा राहिलो. हाफ पँट घातलेले एक गृहस्थ आले, पिशवी उलटसुलट करून बघितली आणि फोननं कोड टिपला. ताई त्यांच्या चेहऱ्याकडं बघतच नव्हती, ती फोनकडं बघत होती. दुकान उघडलं. त्यांनी नाव मोठ्यानं वाचलं, मग विचारलं, हा तांदूळ कुठला? ताईनं सांगितलं, पोशीरचा, आमच्या खालच्या वावरातला. त्यांनी मान डोलावली आणि तिथंच उभं राहून दहा किलो मागवले.

सगळा तांदूळ गटाच्या नावानं गेला असं मी म्हणणार नाही. सोमवारी टेंपो आला तेव्हा ताईनं निम्मी पोती दिली. निम्मी मागं ठेवली, आणि ती पुढच्या दीड महिन्यात हिरव्या अक्षरांच्या पिशव्यांतून गेली. काही पिशव्या मागवणाऱ्यांनी पुन्हा मागवल्या. बदलापूरच्या एका पाहुणीनंही मागवली. लग्नात हसलेली ती हीच की काय, हे ताईनं विचारलं नाही. मी विचारणार होतो, तिनं डोळे वटारले.

संक्रांतीच्या सुमाराला तिचा फोन आला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता.

"काय रं, त्या टिंबाच्या पुढं आनखी किती नावं बसतात?"

मी म्हटलं, पाहिजे तितकी. एका नावापुढं हजार लाव.

"मग लिही," ताई म्हणाली. "नाचनी. वाल. आनि वरच्या वाडीतल्या बायांना मध इकायचा हाय, त्यांचं येगळं टाक, त्यांच्या नावानं. आमच्यात मिसळू नको."

मी पेन शोधेपर्यंत मागून काकी चौथं नाव सांगायला लागली होती.